लेखनाची निकड

साहित्याच्या अभ्यासात ‘लेखनाच्या प्रेरणा’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरून गेलेले असते. आत्माविष्कार, यश, अर्थप्राप्ती, समाजप्रबोधन, मनोरंजन अशी यादी द्यावी, प्रत्येकीखाली एकदोन लेखकांची नावे लिहावीत, की उत्तर पूर्ण होते. ही यादी चुकीची नाही. पण ती पाठ केल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. यशाची इच्छा सर्वांनाच असते, पैसा सर्वांनाच हवा असतो आणि सुखदुःखे तर प्रत्येकाच्या मनात दाटलेली असतात. मग त्यांतील थोडेच लोक लेखणी का उचलतात? आणि ज्यांना लेखनाने यश मिळण्याचा संभव नव्हता, पैसा मिळणार नव्हता, उलट निंदाच वाट्याला येणार होती, अशा माणसांनी का लिहिले?

या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने येथे विचार करावयाचा आहे. माझे प्रतिपादन असे, की लेखनाचे मूळ केवळ एकट्या व्यक्तीच्या अंतःकरणात शोधणे अपुरे आहे. माणूस लिहितो तो बहुधा कोणाला तरी उत्तर देण्यासाठी, कोणाच्या तरी मागणीवरून, किंवा काहीतरी नाहीसे होईल या भयाने. या तिन्ही ठिकाणी लिहिणाऱ्यासमोर दुसरे कोणीतरी उभे असते. त्या दुसऱ्यामुळे मनातल्या इच्छेला निकडीचे रूप येते आणि निकड निर्माण झाली म्हणजे लेखन घडते.

प्रेरणा, प्रयोजन आणि हेतू

प्रथम तीन संज्ञांमधील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण चर्चेत त्यांची सरमिसळ होते. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली : यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तात्काळ लाभणारा परमानंद आणि प्रिय पत्नीने करावा तसा गोड उपदेश. त्याने दाखलेही दिले. यशासाठी कालिदास, धनासाठी श्रीहर्षाकडून द्रव्य मिळवणारा धावक, अनिष्टनिवारणासाठी सूर्याची स्तुती करणारा मयूर. त्याच मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा हेतू, म्हणजे कारण, असेही म्हटले.

प्रयोजन म्हणजे लेखनापासून मिळणारे फळ. ते लेखनाच्या पुढे असते. हेतू म्हणजे लेखन शक्य करणारे सामर्थ्य. ते लेखकाच्या ठायी असते. प्रेरणा मात्र मागून ढकलते. सामर्थ्य असलेला आणि फळाची इच्छा असलेला माणूसही वर्षानुवर्षे कोरा कागद समोर ठेवून बसू शकतो. त्याला आज, आत्ता लिहावयास कोणती गोष्ट लावते, हा प्रेरणेचा प्रश्न आहे. मम्मटाच्या सहा प्रयोजनांत त्याचे पूर्ण उत्तर नाही आणि तसे ते देण्याचा त्याचा उद्देशही नव्हता.

‘सांगितले म्हणून लिहिले’

जुन्या मराठी कवींना हा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी ‘मला व्यक्त व्हावेसे वाटले’ असे उत्तर दिले नसते. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिचे श्रेय ज्ञानेश्वर पदोपदी सद्गुरू निवृत्तिनाथांना देतात आणि समोर बसलेल्या श्रोत्यांशी संवाद करीतच निरूपण पुढे नेतात. तुकारामांनी आपल्या कवित्वाचे कारण सांगताना, नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्व करण्यास सांगितल्याचे नमूद केले आहे. नामदेवांच्या संकल्पातील उरलेली अभंगसंख्या पूर्ण करण्याचे काम आपल्यावर सोपवले गेले, अशी त्यांची भूमिका आहे.

यात केवळ विनय किंवा संकेत पाहणे योग्य होणार नाही. या कवींच्या दृष्टीने लेखन हे सोपवलेले काम होते. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्राही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘तुका म्हणे’ किंवा ‘जनी म्हणे’ यांत कीर्तीची इच्छा नसेलच असे नाही. पण त्याहून अधिक त्यात जबाबदारी आहे. हे मी म्हणतो आहे, याचा जाब मला विचारावा, असा त्या मुद्रेचा अर्थ होतो. जातीने व लिंगाने ज्यांना बोलण्याचा अधिकार नाकारला होता, त्यांनी ही मुद्रा उमटवणे ही साधी गोष्ट नव्हती.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणातून स्वच्छंदतावादी काव्यविचार आपल्याकडे आला. केशवसुतांपासून मराठी कवितेत कवीचे ‘मी’पण केंद्रस्थानी आले आणि ‘आत्माविष्कार’ ही लेखनाची मुख्य प्रेरणा मानली जाऊ लागली. या विचाराने कवीला मोठे स्वातंत्र्य दिले. देव, राजा आणि शास्त्र यांच्या आज्ञेवाचून स्वतःचा अनुभव हाच काव्याचा विषय होऊ शकतो, ही जाणीव त्यातून आली. हे ऋण मान्य केले पाहिजे. पण या विचाराची दुसरी बाजूही आहे. लेखन म्हणजे असामान्य अंतःकरणातून आपोआप उमळून येणारा झरा, असे एकदा ठरले, की ज्यांच्या आत असा झरा खळखळत नाही त्यांनी लिहूच नये, असा अर्थ नकळत निघतो. शाळेत मागे पडलेली, संसारात अडकलेली, कामावरून थकून येणारी माणसे स्वतःला लेखनाच्या बाहेर ठेवतात ती याच समजुतीमुळे. म्हणून आत्माविष्काराची कल्पना जपतानाच, प्रत्यक्षात लेखन कसे घडले याचे दाखले तपासणे आवश्यक ठरते.

प्रत्युत्तर

1881 मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या, नीतिमत्तेवर तोंडसुख घेतले गेले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्यावर 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. स्त्रियांवर जे दोष लादले जातात ते पुरुषांत अधिक प्रमाणात नाहीत काय, हा त्यांचा सवाल होता आणि तो त्यांनी घरगुती, धारदार, क्वचित जळजळीत भाषेत विचारला. त्यांना लेखिका म्हणून नाव मिळवावयाचे होते, असे दाखवणारे काहीही नाही. त्यांचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. पुस्तकाला मिळालेला प्रतिसाद प्रतिकूल होता. पाठीशी उभे राहणाऱ्यांत प्रमुख होते महात्मा जोतीराव फुले. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

येथे प्रेरणा कोणती होती? दुःख तर अनेकींना होत होते. अनुभवही अनेकींपाशी होता. ताराबाईंना लिहावयास लावले ते एका चुकीच्या विधानाने. आपल्याविषयी कोणीतरी बोलतो आहे, ते खोटे आहे आणि आपण गप्प राहिलो तर तेच खरे मानले जाईल, ही जाणीव झाली आणि पुस्तक घडले.

याच प्रकारचा, पण त्याहून आधीचा दाखला मुक्ता साळवे हिचा आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या धर्मग्रंथांचे वाचन आपल्याला वर्ज्य आहे, ते ग्रंथ आपले कसे, हा तिचा प्रश्न होता. ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांना ग्रंथापासून दूर ठेवलेल्या एका मुलीने लेखनातूनच उत्तर दिले. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हाही याच वर्गात येतो. शेतकरी आळशी आणि उधळा आहे म्हणून कर्जबाजारी झाला, अशा सोयीस्कर समजुतीला त्यात तपशिलांनी उत्तर दिले आहे.

मागणी

दुसरी प्रेरणा याहून शांत आहे. कोणीतरी म्हणते, ‘तुम्ही पाहिले ते लिहून ठेवा.’ पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये घराबाहेर पडले ते दक्षिणा मिळवण्यासाठी. घरच्या कर्जाचा भार हलका करणे एवढाच त्यांचा उद्देश होता. वाटेत ते बंडाच्या वणव्यात सापडले आणि झाशीचा वेढा व पाडाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. मिळवलेले द्रव्य बहुतांशी लुटले गेले आणि ते गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी या प्रवासाविषयी काही लिहिल्याचे दिसत नाही. चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह केला तेव्हा 1883च्या सुमारास त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. इंग्रजी अमलात ते लगेच छापणे सुरक्षित नव्हते. वैद्यांनी संस्कारित केलेली आवृत्ती 1907 मध्ये निघाली आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती 1966 मध्ये आली. इतका विलक्षण अनुभव पदरी असूनही, विचारणारा भेटेपर्यंत त्याचे लेखन झाले नाही. अनुभव मोठा असला म्हणजे तो आपोआप लिहिला जातो, हा समज या एका उदाहरणाने दूर व्हावा.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्टही अशीच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र लिहावयाचे म्हणून त्यांचे पुत्र देवदत्त यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितल्या. चरित्राचा कच्चा माल म्हणून मागितलेल्या या आठवणींतून ‘स्मृतिचित्रे’ साकारले. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. रीतसर शालेय शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने बोलावे तसे लिहिले आणि पतीच्या गोष्टीबरोबर स्वतःचीही गोष्ट सांगितली. मागणी करणाऱ्याला जे हवे असते त्यापेक्षा लिहिणाऱ्याचे लेखन मोठे होऊ शकते, हे यातून दिसते. मागणी दार उघडते. दारातून काय बाहेर येईल हे तिच्या हाती नसते.

नियतकालिकाची तारीख हीही एक मागणीच होय. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला वाचक वाट पाहत असे आणि मजकूर द्यावाच लागे. प्रतिभा स्वतःच्या मर्जीने येते असे मानणाऱ्यांनी या साप्ताहिक शिस्तीचा विचार अवश्य करावा.

विसरण्याचे भय

तिसरी प्रेरणा मराठी गद्याच्या आरंभीच भेटते. चक्रधर स्वामी निघून गेल्यानंतर त्यांच्या सहवासातील माणसे आठवणींवर जगत होती. माणसे जातील तशा आठवणीही जातील, हे म्हाइंभटांनी ओळखले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन आठवणी मिळवल्या, त्या पडताळल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरेनुसार मूळ पोथी पुढे धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांना ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. ज्याचे भय होते तेच घडले आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा लेखनच करावे लागले.

बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. त्या निरक्षर होत्या. जात्यावर, शेतात, घरकामात त्यांना ओव्या सुचत आणि त्या गात. गाण्यासाठी त्यांना कोणाची मागणी लागली नाही, कोणाला उत्तरही द्यावयाचे नव्हते. येथे आत्माविष्कार आहे, यात शंका नाही. पण गाणे आणि लेखन यांत फरक आहे. ती गाणी कागदावर उतरवली ती पुत्र सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी. आचार्य अत्रे यांनी त्यांचे मोल ओळखले आणि 1952 मध्ये, बहिणाबाईंच्या निधनानंतर, ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. निर्मिती आतून झाली. लेखन मात्र हरवण्याच्या भयातून झाले. ज्यांच्या घरात कोणी सोपानदेव नव्हता अशा किती जात्यांवरची गाणी पिठाबरोबर संपली असतील, याचा विचार केला म्हणजे लेखनप्रेरणेचा प्रश्न केवळ परीक्षेपुरता राहत नाही.

एक आक्षेप

यावर आक्षेप येईल, तो असा : लेखन तर एकांतात होते. कित्येक जण वर्षानुवर्षे वह्या लपवून ठेवतात. त्यांच्यासमोर कोणता ‘दुसरा’ असतो? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर मराठी साहित्यातच सापडते. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या छोट्या किराणा दुकानात गिऱ्हाईक नसे तेव्हा लिहीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेली रद्दी हेच त्यांचे वाचनालय होते. लिहिलेल्या वह्या त्यांनी घरच्यांच्या नजरेपासून सुमारे वीस वर्षे दूर ठेवल्या. मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक स्त्रीशी परिचय झाल्यावर त्यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन उजेडात आले. ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः प्रसिद्ध झाले आणि 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघाले. शीर्षकातला शब्द ‘आमुचं’ आहे, ‘माझं’ नाही, हे ध्यानात घ्यावे. वही लपवलेली होती. पण ती ज्यांच्यासाठी होती ती पुढची पिढी लिहिणारीच्या डोळ्यांसमोर होती. एकांत हा लेखनाचा परिसर असतो. लेखन ज्याला उद्देशून असते तो वाचक त्या एकांताबाहेर असतो.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (1978) या आत्मकथनाची रचनाही येथे आठवावी. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकलेल्या, शहरी झालेल्या दया पवारला सांगतो. दोघे एकच आहेत; तरी सांगणारा आणि ऐकणारा असे दोन झाल्यावाचून ती कहाणी सांगता आली नाही. कधी कधी तो ‘दुसरा’ आपल्याच आत असतो : मागे राहिलेला आपण पुढे गेलेल्या आपल्याला जाब विचारतो.

पैसा आणि कीर्ती यांनाही या विवेचनात स्थान दिले पाहिजे. त्यांचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांनी असंख्य माणसांना वाचनाची गोडी लावली, हे कमी मोलाचे नाही. पण पैसा मिळणार आहे म्हणून लिहिणाऱ्यालाही उद्याच्या वाचकाची उत्सुकता जागी ठेवावीच लागते. म्हणजे तेथेही त्याच्यासमोर कोणीतरी उभे असतेच. वाचकाचे भान सुटले, की केवळ पैशाच्या किंवा कीर्तीच्या इच्छेवर लेखन फार काळ तग धरीत नाही.

याचा आपल्याशी संबंध

मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बहुधा नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत असतो. अभ्यासकेंद्रावरच्या संपर्कसत्रांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘माझ्याकडे लिहिण्यासारखे काय आहे?’ वरील दाखले पाहता हा प्रश्नच बदलावा, असे मला वाटते. आपल्या आत काही असामान्य आहे का, हे शोधीत बसण्यापेक्षा तीन साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. आपल्या माणसांविषयी, कामाविषयी, गावाविषयी असे कोणते विधान प्रचलित आहे, जे आपल्याला खोटे असल्याचे ठाऊक आहे? आपल्याला कोणी, कधी, काय सांगावयास म्हटले होते आणि आपण ते टाळले? आपल्या घरातली कोणती बोली, कोणती गाणी, कोणत्या आठवणी आपल्याबरोबर संपणार आहेत? यांपैकी एकाचे तरी उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याला प्रेरणेची वाट पाहण्याचे कारण नाही.

याने प्रत्येकजण श्रेष्ठ लेखक होईल, असे मात्र नाही. निकड लेखन सुरू करून देते. ते चांगले होण्यासाठी मम्मटाने सांगितलेली निपुणता आणि अभ्यास लागतातच. ताराबाईंना राग आला होता, तो पुष्कळांना येतो. त्या रागाला युक्तिवादाचे रूप देणे हे त्यांचे श्रम होते. म्हाइंभटांना भक्ती होती, ती इतरांनाही होती. आठवण पडताळून लिहिणे हे त्यांचे श्रम होते. प्रेरणेवर फार बोलताना या श्रमांचा विसर पडू नये.

आणि जो लिहिणार नाही, त्याच्याकडेही एक काम उरते. विष्णुभटांना वैद्य भेटले, लक्ष्मीबाईंना देवदत्त, बहिणाबाईंना सोपानदेव. विचारणाऱ्याचे आणि उतरवून घेणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत येत नाही. पण ती माणसे नसती तर ती पुस्तके आपल्या हाती आली नसती. आपल्या घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी ज्याच्यापाशी सांगण्यासारखे आहे त्याला ‘हे लिहून ठेवा’ असे म्हणणे, आणि त्याला लिहिता येत नसेल तर आपण वही घेऊन बसणे, हाही साहित्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.